इंजिन उघडलंय: कंपनीची पेटी घ्यावी, ब्रँडेड सेट की लोकल?

मे महिन्यात आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत हेड काढून उभा असलेला एखादा तरी ट्रॅक्टर दिसतोच. तूर निघाली, कापूस विकला, हातात थोडे पैसे आले, आता मृगाच्या आत इंजिनचं काम उरकायचं असतं. मेकॅनिक यादी लिहून देतो: लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), पिस्टन, रिंग (पिस्टनवर बसणारी, एका जागी कापलेली कडी), बेअरिंग, गॅस्केट, सील. दुकानदार काउंटरवर तीन प्रकारचा माल मांडतो. ट्रॅक्टर कंपनीच्या नावाची सीलबंद पेटी, गोएत्झे किंवा उषासारख्या नावाजलेल्या ब्रँडचा सेट, आणि "हेही चालते भाऊ" म्हणत पुढं सरकवलेला लोकल. तिन्हींच्या किमतीत इतकं अंतर असतं की माणूस तिथंच अडखळतो.

माझा कौल आधीच सांगतो. जो भाग बसवण्याआधी आपल्याला मोजता येतो, तो ब्रँडेड घ्या आणि मोजूनच बसवा. जो मोजणं गावात शक्य नाही, तिथं पैसे वाचवू नका. लोकल माल इंजिनच्या आत नकोच.

हे मी नुकसान सोसून शिकलो. चार वर्षांपूर्वी भावाच्या तीन सिलेंडरच्या ट्रॅक्टरला पेरणीच्या घाईत लोकल सेट टाकला. डबा फोडला, रिंगा चढवल्या, हेड आवळलं. मोजलं काहीच नाही. साठेक तास चालला असेल, मग ब्रिदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर यायला लागला आणि ऑईल खायला लागला. उघडलं तर मधल्या सिलेंडरची वरची रिंग दोन तुकड्यांत होती आणि लायनरवर उभे ओरखडे. बाकीच्या शाबूत रिंगा तेव्हा लायनरात टाकून मोजल्या. रिंगेच्या दोन टोकांमधला गॅप 0.15 मिमीसुद्धा भरला नाही. इंजिन तापलं की रिंग लांबते. टोकांना जागाच नसेल तर ती एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीवर दाबली जाते आणि तुटते. त्या वर्षी सोयाबीन दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं पेरलं, तेही आठ दिवस उशिरा.

त्यामुळं रिंगेबद्दल जरा सविस्तर लिहितो. रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी ज्या लायनरमध्ये ती चालणार, त्याच लायनरमध्ये ठेवायची. पिस्टन उलटा धरून तिला इंचभर आत ढकलायची, म्हणजे ती तिरकी बसत नाही. मग टोकांच्या फटीत फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापाची) पाती घालायची. 100 मिमीच्या आसपासच्या बोअरला (सिलेंडरच्या आतल्या व्यासाला) वरच्या रिंगेचा गॅप साधारण 0.30 ते 0.45 मिमी लागतो. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. गॅप कमी म्हणजे आमच्यासारखं तुटणं, जास्त म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे वर दाबलेली हवा, खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या ऑईलच्या भागात) उतरणं. एवढ्यावर थांबू नका. रिंग आत असतानाच लायनरच्या खालून टॉर्च लावा आणि वरून बघा. फट सोडून दुसरीकडं कुठंही रिंग आणि भिंत यांच्यामधून उजेड दिसला तर रिंग गोल नाही, परत द्या. आमचा मेकॅनिक दर वेळी हेच सांगतो, "डबा कायले पाह्यतं भाऊ, रिंग लायनरात टाकून पाह्य." बारा रिंगा असतील तर बाराही टाकायच्या. अर्धा तास जातो.

ब्रँडेड सेटमध्ये मला आतापर्यंत गॅप एकसारखा मिळाला आहे. कंपनीच्या पेटीतही तसाच. म्हणून रिंगेसाठी कंपनीच्या पेटीचे जादा पैसे द्यायला मी तयार नाही. हे ब्रँड कारखान्यांनाही माल पुरवतात, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बनवणारा तोच असला तरी पिस्टन आपल्याच मॉडेलचा आहे असं होत नाही. एकाच बोअरच्या दोन मॉडेलांत पिस्टनमधल्या पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची वेगळी असू शकते, माथ्यावरची वाटी वेगळी असू शकते. जुना पिस्टन पिशवीत घालून दुकानात न्या, नव्याशेजारी उभा करा, दोन्हींना व्हर्नियर लावा. तिन्ही-चारही पिस्टन काट्यावर ठेवून वजन बघा. किराणा दुकानातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. मी पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक असलेला सेट घेत नाही.

लायनर आधी वाजवून बघायचा. दोरीला टांगून पान्यानं हलकेच ठोकला की चांगला लायनर घंटेसारखा वाजतो, तडा असेल तर आवाज बसका येतो. कुंभाराकडं मडकं वाजवून घेतो तसंच हे. आतल्या भिंतीवर होनिंगच्या (दगडानं घासून काढलेल्या) एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा सगळीकडं सारख्या दिसल्या पाहिजेत. कुठं गुळगुळीत चकाकी असेल तर तिथं ऑईल धरणार नाही. वेट लायनर (ज्याच्या बाहेरून पाणी खेळतं तो) असेल तर रबरी ओ-रिंग न लावता तो ब्लॉकमध्ये सोडून बघा, हाताच्या जोरानं बसला पाहिजे. हातोडी घ्यावी लागली तर एक तर लायनर चुकीचा आहे किंवा ब्लॉकमध्ये गाळ राहिला आहे. बसल्यावर त्याची कॉलर, म्हणजे वरची कड, ब्लॉकच्या वर किंचित उचललेली असते, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजण्याइतकी. ती खाली बुडाली तर गॅस्केट कितीही महागडं आणा, पाणी आणि गॅस धरणार नाही. लोकल लायनरमध्ये मला हाच दोष सगळ्यांत जास्त भेटला.

मोजण्याची वेळही बघा. पुस्तकातली मापं 20 अंश तापमानाला धरलेली असतात. आपल्याकडं मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी 45 अंश असतं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, लायनर बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. 100 मिमीच्या पिस्टनला 25 अंशांच्या फरकानं लायनरशी असलेली फट दोनेक शतांश मिलिमीटरनं कमी दिसते, आणि एवढ्या फरकानं चांगला सेट नापास होऊ शकतो. पिस्टन, लायनर आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच जागी ठेवायचे, सकाळी सहाला मोजायचं. दुचाकीच्या डिकीतून आणलेला तापलेला पिस्टन लगेच मोजायला घेऊ नका.

बेअरिंगमध्ये फसवणुकीपेक्षा गफलत जास्त होते. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) घासून आणली असेल तर तिच्या कमी झालेल्या मापाला बसणारी अंडरसाइज बेअरिंग लागते, 0.25 किंवा 0.50 मिमी. डब्यावर 0.25 लिहिलेलं असतं आणि आत स्टँडर्ड निघते, असं माझ्यासमोर झालेलं आहे. बेअरिंगच्या प्रत्येक शेलच्या (अर्धगोल तुकड्याच्या) पाठीवरचा आकडा वाचा. शेल कॅपमध्ये (तिला आवळणाऱ्या अर्धगोल झाकणात) दाबून बसली पाहिजे, उलटी केली तर गळून पडता कामा नये, आणि तिची टोकं कॅपच्या कडेपेक्षा केसभर वर हवीत. क्रँकशी असलेली फट मोजायला प्लास्टिगेजची मेणासारखी तार मिळते, ती दाबून तिची रुंदी पट्टीशी जुळवायची. इथंही ब्रँडेड पुरतं.

आता जिथं मी कंपनीच्या किंवा मूळ बनवणाऱ्याच्या मालाशिवाय काही घेत नाही ते भाग. पहिला नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. त्याच्या आत सुई आणि बॉडी यांच्यात फक्त दोन-चार मायक्रॉनची फट असते, आपल्या कुठल्याच हत्यारानं ती कळत नाही. घेतल्यावरही पंपवाल्याकडं टेस्टरवर फवारा आणि प्रेशर बघूनच लावायचा. दुसरा इंजेक्शन पंपाचा एलिमेंट (डिझेल दाबणारी आतली जोडी), कारण तेच. तिसरा ऑईल फिल्टर. तो बाहेरून सारखाच दिसतो, आतला कागद आणि व्हॉल्व्ह कापल्याशिवाय दिसत नाही, आणि आपल्या काळ्या मातीच्या धुळीत रोटाव्हेटर चालवायचा म्हणजे सगळा भार त्याच्यावर. इंजिनच्या कामात फिल्टरचा खर्च किरकोळ असतो.

लोकल माल मी घेतो तो मडगार्डचे बोल्ट, पाइपाच्या क्लिपा, सायलेन्सर असल्या गोष्टींत.

कंपनीच्या पेटीचीही एक अडचण आहे. नक्कल जास्त तिचीच होते, कारण नफा तिथंच. पेटीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर असणं 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणं बंधनकारक आहे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर पेटी खाली ठेवा. होलोग्राम किंवा क्यूआर कोड असेल तर दुकानातच मोबाइलवर तपासा. आणि पेटी खरी निघाली तरी आतला माल मोजाच. दुसऱ्या मॉडेलचा पार्ट नंबर खऱ्या पेटीतूनही येतो.

कंपनीचा माल तालुक्याला नेहमी मिळत नाही, अमरावती किंवा नागपूरहून मागवावा लागतो, चार-सहा दिवस जातात. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर हा विचारच करू नका, डीलरकडूनच घ्या. जुना, भाड्यानं चालणारा ट्रॅक्टर असेल आणि मेकॅनिककडं फिलर गेज, मायक्रोमीटर असेल, तर लायनर-पिस्टन-रिंग-बेअरिंग ब्रँडेड घ्या. मेकॅनिक मोजायला तयारच नसेल तर दुसरा मेकॅनिक शोधा, दुसरा ब्रँड शोधू नका.

पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. ऑईल लागलेला किंवा बसवून काढलेला पार्ट दुकानदार परत घेत नाही, म्हणून ही सगळी तपासणी कोरड्या हातानं, डबा न फाडता करायची. नकली निघाला आणि दुकानदारानं हात वर केले तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. बिल मात्र लागतंच, आणि आम्ही त्या वर्षी तेच घेतलं नव्हतं.