वायरलेस माऊस, नऊ महिन्यांनंतर: दोन स्टार दिले होते, ते मागे घेतोय

दोन महिने वापरून मी या माऊसला पाचपैकी दोन स्टार दिले होते आणि 'घेऊ नका' असं लिहिलं होतं. तेव्हा जे होत होतं तेच लिहिलं होतं, पण दोष माऊसचा नव्हता. तो कुठं आहे हे कळेपर्यंत पाच महिने गेले, कोल्हापूरला दोन हेलपाटे झाले आणि नको असलेली रॅम (कॉम्प्युटरची जादा मेमरी) विकत घेऊन झाली. दुसऱ्या कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

माऊस साधाच, अकराशेचा. एका पेन्सिल सेलवर चालतो, कॉम्प्युटरला लावायचा त्याचा रिसीव्हर, म्हणजे डोंगल, नखाएवढा. मी सांगलीत घरांचे नकाशे काढून देतो, दिवसाचे आठ तास ऑटोकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर उघडं असतं. भिंतीचा कोपरा पकडायला जावं तर पॉइंटर अलीकडंच थबकायचा आणि एकदम पुढं उडी मारायचा. क्लिक भलत्याच टोकावर. एकदा नऊ इंची भिंतीचं माप असंच चुकीच्या टोकावरून धरलं गेलं आणि ते प्रिंट हातात आल्यावर दिसलं. घर बांधणाऱ्या माणसाचा माझ्या आकड्यावर विश्वास असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जे जे सुचलं ते केलं. सेल बदलला. टेबलावर काच आहे, म्हणून पॅड घेतला. विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यूएसबी हबची वीज वाचवण्याची खूण काढली. काही फरक नाही. अठराशे रुपयांची रॅम मात्र मी माझ्याच तर्कानं घातली, आणि तो तर्क वरवर बरोबर वाटण्यासारखा होता: माऊस अडकायचा तो नेमका सकाळी अकराला आणि दुपारी चारला, म्हणजे माझा बॅकअप चालू असताना. बॅकअपनं कॉम्प्युटर मंदावतो, असं मी धरून चाललो.

बॅकअप मी सोडू शकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा माझं ऑफिस गावभागात तळमजल्यावर होतं. कॉम्प्युटर गेला, सोबत अकरा वर्षांचे नकाशे गेले. आता ऑफिस विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर आहे, तरी दिवसातून दोनदा सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि संध्याकाळी डिस्क घरी नेतो.

रॅम घालूनही माऊस अडकतच होता. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसर दहा टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ रिकामाच. कीबोर्डवरून कमांड दिली की लगेच उमटायची, अडखळायचा तो फक्त पॉइंटर. दुकानदारानं वायरचा माऊस दोन दिवस वापरायला दिला, तो बॅकअप चालू असतानाही सरळ चालला. "साहेब, तुमचा माऊसच खराब आहे," तो म्हणाला. मलाही ते पटलं.

मग कोल्हापूरचं सर्व्हिस सेंटर. पहिल्या फेरीत त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपला लावून पाहिला आणि "आमच्याकडं व्यवस्थित चालतोय" म्हणून परत दिला. दुसऱ्या फेरीत मी मोबाईलवर व्हिडिओ काढून नेला, काउंटरवर तासभर वाद घातला, तेव्हा कुठं नवा माऊस मिळाला. तोही दुपारी चारला अडकला. माझ्या टेबलावर डोंगलच्या शेजारी काय लावलंय, हे दोन्ही वेळेला एकानंही विचारलं नाही. तो राग अजून आहे.

ते विचारलं माझ्या भाच्यानं. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला आहे. एप्रिलमध्ये आला, कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघितलं आणि म्हणाला, "मामा, डोंगल हार्ड डिस्कच्या वायरीला खेटून कशाला लावलाय? तिथनं त्याला काही ऐकूच येत नसंल." डोंगल उपटून पुढच्या पोर्टला लावला, बॅकअप चालू केला. पॉइंटर लोण्यासारखा फिरला. मी दहा मिनिटं नुसता कोपरे पकडत बसलो होतो.

कारण असं. वायरलेस माऊस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. हार्ड डिस्क लावलेला यूएसबी ३.० म्हणजे बऱ्याच कॉम्प्युटरवर निळा दिसणारा पोर्ट, त्यातून सेकंदाला पाच गिगाबिटपर्यंत माहिती धावते. त्या धावण्यातून रेडिओचा जो गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. डोंगलनं ऐकायचं त्याच पट्ट्यात, म्हणून हा गोंगाट गाळून टाकता येत नाही. वायर किंवा प्लगचं आवरण हलकं असेल तर जास्तच. इंटेलनं २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. तरी माऊसच्या डब्यातल्या कागदावर यातली एक ओळ नाही. छापायला काय लागलं असतं?

पुढचा पोर्ट पेन ड्राइव्हसाठी लागतो, म्हणून नव्वद रुपयांची एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली आणि डोंगल मॉनिटरच्या पायाशी, माऊससमोर चिकटवला. दोन हजारांच्या आत-बाहेर गेलेले पैसे एकीकडं, हे नव्वद रुपये एकीकडं. तुमचा माऊस अडकत असेल तर आधी कॉम्प्युटरच्या मागं लावलेली बाहेरची हार्ड डिस्क काढून बघा. अडकणं थांबलं तर डोंगल हातभर लांब न्या. ब्लूटूथवाल्यांनाही हाच त्रास होऊ शकतो, तीही लहर त्याच पट्ट्यातली.

हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार वेळा जागा कळवणाऱ्या गेमिंग माऊसवर पैसे घालू का, असं कुणी विचारतं. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. ६० हर्ट्झचा मॉनिटर चित्र बदलतो साधारण सतरा मिलिसेकंदांनी. नकाशाच्या कामाला एवढं पुरतं.

बाकी माऊस चांगला आहे. सेल पाच महिने गेला, हाताला दुखत नाही. एक स्टार कापतो तो चाकासाठी: ऑटोकॅडमध्ये चाक दाबून धरूनच नकाशा सरकवायचा असतो आणि हे चाक दाबायला कडक आहे, संध्याकाळपर्यंत बोट भरून येतं. चार स्टार.

यंदा जुलैत पाणी चढायला लागलं तसा मी बॅकअप दर तासाला लावला. डिस्क दिवसभर फिरत होती आणि मी तिच्या शेजारी बसून एका बंगल्याचा जिना काढत होतो. एकही पायरी चुकली नाही.