जाहिरात न लावता विनोदाची साइट चालवायची, तर वाट कोणाची धरावी?

स्वतःची विनोदाची साइट काढायची, तिच्यावर जाहिरात लावायची नाही आणि तरी लोक आले पाहिजेत, असं डोक्यात असेल तर दोन अमेरिकी साइट शेजारी शेजारी ठेवून बघा: एक्सकेसीडी आणि होमस्टार रनर. दोघींनी जाहिरातीला दारात उभं केलं नाही आणि दोन्ही चालवणाऱ्यांचं पोट त्यावर भरलं. पण एकीची रीत एकट्या माणसाला झेपते, दुसरीची झेपत नाही.

एक्सकेसीडी ही रँडल मन्रोची. नासाच्या एका केंद्रात काम केलेल्या या माणसाने २००५ मध्ये वहीतली चित्रं स्कॅन करून टाकायला सुरुवात केली. काड्यांची माणसं, चेहऱ्याला नाकडोळेही नाहीत. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी नवीन चित्र. माउस चित्रावर नेऊन ठेवला की आणखी एक विनोद उमटतो.

खरी गंमत चित्राच्या खाली आहे. तिथे एका ओळीत त्या चित्राचा कायमचा पत्ता असतो आणि दुसऱ्या ओळीत थेट चित्रफाइलचा, कोणालाही ते उचलून आपल्या पानावर लावता यावं म्हणून. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा: नाव द्या, विकू नका, बाकी खुशाल वापरा. थोडक्यात, चोरांनाच हमालीला लावलं.

अर्थात नुसत्या परवान्याने गर्दी जमत नाही. २००७ मधलं एक चित्र घ्या. शाळेतून आईला फोन येतो, तुमच्या मुलाचं नाव खरंच असं ठेवलंय का? नावातच डेटाबेसला दिलेला हुकूम दडलेला: विद्यार्थ्यांचा तक्ता उडव. शाळेच्या यंदाच्या सगळ्या नोंदी गायब! आणि आई म्हणते, हो, घरी आम्ही त्याला बॉबी टेबल्स म्हणतो. फॉर्ममध्ये आलेला मजकूर न तपासता डेटाबेसला देऊ नये, हे नवख्याला समजवायचं झालं की प्रोग्रामर मंडळी हेच चित्र पुढे करतात. २०११ च्या पासवर्डवाल्या चित्राचंही तसंच. चार असंबद्ध शब्द एकापुढे एक ठेवले तर ते लक्षात राहायला सोपे आणि ओळखायला अवघड, हे त्यात दाखवलंय. विषय निघाला की लिंक निघते, आणि असे विषय वर्षानुवर्षं निघत राहतात. माझ्या मते एक्सकेसीडीचा प्रसार झाला तो यामुळे. वाचकाला आपलं म्हणणं मांडायला ते चित्र उपयोगी पडतं. पैसा आला तो टी-शर्ट, पोस्टर आणि पुढे पुस्तकांतून.

होमस्टार रनर ही माइक आणि मॅट चॅपमन या भावांची, २००० पासूनची. फ्लॅश या ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली कार्टून्स. इथे ओढ पात्रांची. स्ट्राँग बॅड नावाचा मुखवटेवाला गडी बॉक्सिंगचे हातमोजे न काढताच कीबोर्ड बडवतो आणि प्रेक्षकांच्या ईमेलला उत्तरं देतो, बरेचदा पाठवणाऱ्याच्या स्पेलिंगची पिसं काढत. ज्याचा ईमेल निवडला गेला तो दहा जणांना सांगणारच. शिवाय शेवटी पडद्यावर भलत्याच ठिकाणी क्लिक केलं तर लपवलेला तुकडा सापडतो, आणि सापडल्यावर गप्प कोण बसतं? २००३ च्या एका ईमेलमध्ये ट्रॉगडॉर नावाचा ड्रॅगन काढून दाखवला होता. २०१८ मध्ये त्याच्यावरच्या बोर्डगेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर १४ लाख डॉलरच्या वर जमले.

मोह होतो खरा, पण आवाज, संगीत, ॲनिमेशन हे सगळं दर आठवड्याला काढणं म्हणजे पूर्णवेळची नोकरी. २०१० नंतर काही वर्षं त्यांचं काम जवळपास थांबलंच होतं. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं आणि जुनी कार्टून्स आता रफल नावाच्या एम्युलेटरच्या, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या आधाराने चालतात. मन्रोच्या साध्या चित्रफाइलींवर अशी वेळ आली नाही.

मॅथ्यू इनमनच्या ओटमील या विनोदी चित्रांच्या साइटचं नाव कोणीतरी सुचवेलच. २००९ मध्ये सुरू झालेल्या त्या साइटवर सुरुवातीला जाहिराती होत्या, आणि इनमन मुळात सर्च इंजिनात साइट वर कशी आणायची या धंद्यातला. ते कसब अंगात नसेल तर त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही.

आता आपल्याकडचा पेच. मराठी विनोद फिरतो तो व्हॉट्सॲपवर, आणि तिथे चित्र जातं, लिंक गळते. पुणेरी पाट्या घरोघरी पोचल्या, पण त्या लिहिणाऱ्यांची नावं कोणाला माहीत आहेत? म्हणून मन्रोची रीत घ्या, पण साइटचा पत्ता चित्राच्या आतच लिहा, कोपऱ्यात नको, कोपरा कापला जातो. सोसायटीची मीटिंग, पार्किंग, दहावीचे टक्के, असे पुन्हा पुन्हा निघणारे विषय धरा. आठवड्याला तीन जमत नसतील तर एकच काढा, पण वार चुकवू नका. होमस्टारची वाट धरायची ती बरोबर आवाज देणारा भिडू असेल तरच, आणि तेव्हाही मूळ फाइली साध्या व्हिडिओच्या रूपात जपून ठेवा.