कप्प्यांचं पॅकेजिंग: ट्रे, पाउच, कपावर कप की झाकणातला कप्पा?

दोन घटक एकाच पॅकमध्ये द्यायचे ठरले की चर्चा सुरू होते ती कप्पे किती आणि केवढे यावर. निर्णयाचा खरा मुद्दा मधल्या भिंतीचा आहे: तिने काय अडवायचं, आणि ती कधी व कोणाच्या हातून मोडायची. बाहेरचं सील घट्ट असलं की भागतं. मधलं सील मात्र वाहतुकीत आणि शेल्फवर टिकून वापराच्या क्षणी सहज सुटावं लागतं. बहुतेक पॅक तिथेच फसतात.

आधी दोन प्रश्न

घटक पॅकच्या आतच मिसळायचे आहेत, की उघडल्यावर बाहेर? बाहेर मिसळायचे असतील तर सुटणाऱ्या मधल्या सीलच्या वाटेला जाऊच नये. ट्रे किंवा कपावर कप पुरतो, आणि मधली भिंत कायमची पक्की ठेवता येते. आत मिसळायचे असतील तर पाउच, झाकणातला कप्पा किंवा जोडनळ्या (एकत्र दाबायच्या दोन जोडलेल्या नळ्या) एवढेच पर्याय उरतात.

दुसरा प्रश्न: भिंतीने द्रव अडवायचा, वाफ, ऑक्सिजन की वास? द्रव अडवणं सोपं आहे. वाफ मात्र शाबूत प्लास्टिकमधूनही हळूहळू जाते, आणि जाते ती जास्त वॉटर ॲक्टिव्हिटीकडून (पदार्थातलं पाणी किती मोकळं आहे याचं ० ते १ मधलं माप) कमीकडे. ओलाव्याची टक्केवारी इथे दिशाभूल करते. दोन पदार्थांत ओलावा सारख्याच टक्क्यांनी असला तरी वॉटर ॲक्टिव्हिटी वेगळी असेल तर एक सुकतो आणि दुसरा सादळतो. दह्यासारख्या ओल्या पदार्थाची वॉटर ॲक्टिव्हिटी ०.९८ च्या आसपास असते. कुरकुरीत तृणधान्याची ०.२ ते ०.३ असते आणि ती ०.४ ते ०.५ च्या वर गेली की कुरकुरीतपणा जायला लागतो.

साहित्य निवडण्याआधी ओलाव्याचं बजेट काढावं. समजा कोरडा घटक २० ग्रॅम आहे, ओलावा ३ टक्के, आणि ६ टक्क्यांना तो मऊ पडतो. सुरुवातीला त्यात ०.६ ग्रॅम पाणी आणि १९.४ ग्रॅम घन भाग आहे. ६ टक्के व्हायला एकूण १.२४ ग्रॅम पाणी लागेल, म्हणजे आत शिरायला परवानगी आहे जेमतेम ०.६४ ग्रॅमची. पॅक ६० दिवस टिकवायचा तर रोज साधारण १० मिलिग्रॅम. पुढचा प्रत्येक पर्याय या आकड्याला लावून पाहायचा.

थर्मोफॉर्म ट्रे, वरून एकच फिल्म

वेगळेपणाच्या दृष्टीने ही रचना, म्हणजे तापवलेल्या शीटपासून साच्यात घडवलेला खणांचा ट्रे, दिसते त्यापेक्षा चांगली आहे. दोन खणांमध्ये एक भिंत नसते, दोन असतात, आणि मध्ये बाहेरची हवा. ओल्या खणातली वाफ आधी बाहेर पडून मग दुसऱ्या खणाची भिंत ओलांडून आत शिरावी लागते. थेट रस्ता एकच: मधल्या पुलावरच्या (दोन खणांमधल्या सपाट पट्टीवरच्या) सीलच्या थरातून आडवं जाणं. सील नीट असेल तर तो रस्ता नगण्य आहे.

भिंतीचं साहित्य मात्र ठरवून घ्यावं. ३८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेला अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पॉलिप्रॉपिलीनमधून दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ०.३ ते ०.५ ग्रॅम वाफ जाते. तेवढ्याच जाडीच्या पॉलिस्टायरीनमधून ५ ते ७ ग्रॅम. म्हणजे दहा-पंधरा पट फरक. पॉलिस्टायरीन खाचेवर कट्कन तुटतं, म्हणून सुटे करायच्या जोडकपांसाठी ते आवडतं. पॉलिप्रॉपिलीन तसं तुटत नाही, वाकतं. कोरडा घटक असेल तर मी ती सोय सोडून पॉलिप्रॉपिलीनच घेईन. ऑक्सिजनही अडवायचा असेल तर मध्ये ईव्हीओएच या ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर लागतो. तो ओला झाला की त्याची अडवण्याची ताकद घटते, म्हणून त्याला दोन्हीकडून पॉलिप्रॉपिलीनमध्ये ठेवतात. तरीही रिटॉर्टच्या (दाबाखाली पॅक निर्जंतुक करण्याच्या) वाफेनंतर काही काळ तो कमजोर राहतो.

ट्रेची सगळी दुखणी पुलावर जमा होतात. पुलाची सपाट जागा ६ ते ८ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे ४ ते ५ मिलिमीटरचं सील मिळतं. झाकण मध्यावर कापून दोन खण वेगवेगळ्या वेळी उघडायचे असतील तर पुलावर सीलच्या दोन पट्ट्या बसायला हव्यात, आणि रुंदी १० ते १२ मिलिमीटरवर जाते. पूल आणि कडेची फ्लँज (ट्रेची बाहेरची सपाट कड) एकाच पातळीत हवी. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना १ ते २ टक्के आकसतं आणि पूल मध्ये खाली बसतो. पॉलिस्टायरीनमध्ये हा त्रास कमी. सीलिंगच्या खालच्या साच्याने पुलालाही खालून आधार दिलाच पाहिजे. अनेक साचे फक्त कडेला आधार देतात. मग मशीन दाब पूर्ण दाखवतं, पण पुलापर्यंत तो पोचतच नाही. आधारावर सिलिकॉन रबर असलं की थोडासा असमतोल निभावतो.

पूल जिथे कडेच्या फ्लँजला मिळतो तो कोपरा सर्वांत नाजूक. तिथे फिल्मला सुरकुती पडते आणि सुरकुतीत केसाएवढी वाट राहते. रंगीत द्रावाची चाचणी पहिल्यांदा तिथे करावी.

खण खोल केला की तळाचे कोपरे पातळ होतात. अर्ध्या मिलिमीटरचा शीट कोपऱ्यात ०.१५ मिलिमीटरवर आला तर तिथून वाफ तिपटीहून जास्त जाते, म्हणून हिशोब सरासरी जाडीवर करू नये. प्लग असिस्ट (शीट खणात ढकलून सारखी ताणणारा ठोकळा) वापरावा, भिंतींना ३ ते ५ अंशांचा उतार द्यावा, तळाचे कोपरे गोल ठेवावेत.

भरण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी कोरडा घटक, त्या वेळी पुलावर झाकणपट्टी. द्रव शेवटी, सीलिंगच्या अगदी आधी, थेंब परत ओढून घेणाऱ्या नोझलने. द्रव आधी भरला तर पट्टा पुढे सरकताना तो हिंदकळून पुलावर येतो. द्रवाचा पातळ थर उष्णतेने आणि दाबाने बाजूला सरकू शकतो. पावडर सरकत नाही, सीलमध्येच अडकते.

मधलं सील सुटणारा पाउच

आत मिसळायचं असेल तर हा सर्वांत समर्थ पर्याय, आणि सर्वांत हट्टी. शिरेतून पोषण देण्याच्या तीन कप्प्यांच्या पिशव्या याचा उत्तम नमुना आहेत: ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि स्निग्ध इमल्शन वेगवेगळ्या कप्प्यांत. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं एकत्र निर्जंतुक केली तर उष्णतेने त्यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होऊन रंग पिवळा-तपकिरी पडतो. कॅल्शियमसारख्या क्षारांमुळे इमल्शन फुटतं. म्हणून रुग्णाला लावण्यापूर्वीच पिशवी दाबून मधली सीलं उघडतात.

सुटणारं सील दोन प्रकारे बनतं. एक, तीच फिल्म कमी तापमानाला चिकटवणं. दोन, सीलच्या थरात मुद्दाम न जुळणारी पॉलिमरं मिसळणं, उदाहरणार्थ पॉलिइथिलीनमध्ये पॉलिब्युटिन. पहिला मार्ग स्वस्त दिसतो, पण त्यात तापमान आणि ताकद यांचा आलेख फार चढा असतो. सील करणाऱ्या तापत्या जबड्याचं तापमान ५ अंशांनी हललं तरी सील एक तर सुटून येतं किंवा कायमचं जुळतं. मिश्रणाच्या थरात रुंद तापमानपट्ट्यात ताकद जवळपास सारखी राहते. जबड्यांच्या पूर्ण लांबीवर तापमान २ अंशांच्या आत राखता येत नसेल तर पहिला मार्ग धरू नये.

सुरुवातीचं लक्ष्य म्हणून १५ मिलिमीटरच्या पट्टीवर मधल्या सीलला ४ ते ८ न्यूटन आणि बाहेरच्याला २५ न्यूटनहून जास्त धरावं. ओढून मोजण्याची पद्धत एएसटीएम एफ८८ या चाचणी-मानकात आहे. मोजमाप निर्जंतुकीकरणानंतर करावं. १२१ अंशांच्या वाफेत मधलं सील अधिक पक्कं होऊ शकतं, आणि कच्च्या पाउचवरचा छान आकडा वापरणाऱ्याच्या हातात फसवा ठरतो.

सरळ रेषेतलं सील कुठूनही उघडतं, कधी अर्धंच उघडतं. टोक दाबायच्या कप्प्याकडे असलेला व्ही आकार दिला की ताण टोकावर एकवटतो आणि सुरुवात तिथूनच होते. वाहतुकीत पाउच पडला की द्रवाचा धक्का मधल्या सीलवर बसतो. उपाय साधा आहे: खोक्यात पाउच मधल्या सीलवर दुमडून ठेवायचा, म्हणजे घडीच धक्का अडवते. कप्प्यात हवा कमी ठेवावी. समुद्रसपाटीपासून २,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ७५ किलोपास्कल असतो, खाली १०१. घाटातून जाताना अडकलेली हवा फुगते आणि आधी दुबळं सील शोधते.

वाफेचं काय? फॉइलच्या लॅमिनेटमध्ये (फॉइल आणि प्लास्टिक एकावर एक चिकटवलेल्या फिल्ममध्ये) १०० मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद मधलं सील आणि दोन्ही बाजूंचे मिळून १५० मायक्रॉन पॉलिइथिलीन धरलं, तर आडवी जाणारी वाफ दिवसाला मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या घरात येते. १० मिलिग्रॅमच्या बजेटपुढे ती शून्यच. तेव्हा अशा पाउचमध्ये कोरडी बाजू ओलावली तर जाड फिल्म मागवण्याआधी सीलमधली सुरकुती, पावडर किंवा केसाएवढी वाट शोधावी. फॉइल नसलेल्या पारदर्शक फिल्मला मात्र हा दिलासा लागू नाही. तिथे बाहेरून येणाऱ्या ओलाव्याचाही हिशोब करावा लागतो.

कपावर कप

ओल्या कपाच्या तोंडावर कोरड्या घटकाचा छोटा कप. भरण्याच्या ओळीत फार बदल करावा लागत नाही, कोरडा कप वेगळीकडे भरून आणता येतो, सीलवर धूळ येत नाही. कमी अडचणीत सुरुवात करायची असेल तर हाच घ्यावा.

एकच अट आहे. वरच्या कपाचा तळ ओल्या कपातल्या वाफेला थेट सामोरा जात असेल, तर वर म्हटलेल्या दोन भिंतींची एकच होते. तळ ५० चौरस सेंटिमीटर धरला तर अर्ध्या मिलिमीटरच्या पॉलिप्रॉपिलीनमधून दिवसाला १.५ ते २.५ मिलिग्रॅम जातात, पॉलिस्टायरीनमधून २५ ते ३५. आपलं बजेट १० होतं. ओल्या कपाला स्वतःचं फॉइल सील देऊन त्यावर कोरडा कप बसवला की हा प्रश्न मिटतो. मग उरतो तो बाहेरच्या दमट हवेचा.

झाकणातला कप्पा

काही ग्रॅम पावडर पाण्यात ऐनवेळी सोडायची असेल तेव्हाच याचा विचार करावा. दट्ट्या दाबला की पडदा फाटतो आणि पावडर खाली पडते. पडद्याचा तुकडा द्रवात पडता कामा नये, म्हणून कापणारी धार पूर्ण वर्तुळ कापत नाही; साधारण ३०० अंश कापून उरलेला भाग बिजागरीसारखा राहू देतात. पडदा फॉइलचा आणि उष्णतेने चिकटवलेला असावा. नुसतं दाबून बसवलेलं प्लास्टिकचं बूच द्रव अडवतं, वाफ अडवत नाही, आणि पावडरीचे गठ्ठे होतात. दट्ट्याला तोडायची पट्टी नसेल तर तो खोक्यातच दाबला जातो.

जोडनळ्या आणि विरघळणारी कॅप्सूल

चिकट घटक ठरावीक प्रमाणात मिसळायचे असतील, जसं इपॉक्सीचं, तर १:१, २:१, ४:१ किंवा १०:१ प्रमाणाच्या जोडनळ्या आणि पुढे स्टॅटिक मिक्सर (आतल्या स्थिर पात्यांनी मिसळणारं तोंड). दोन्ही बाजू एकसारख्या येईपर्यंत निघालेला पहिला भाग टाकून द्यायचा, हे सूचनेत ठळक लिहावं. एका बाजूला पेरॉक्साइड असेल तर ते हळूहळू ऑक्सिजन सोडतं. हवाबंद नळी फुगते आणि प्रमाण बिघडतं.

पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए फिल्मच्या कॅप्सूलमध्ये आतल्या द्रवातलं पाणी खूप कमी, साधारण १० टक्क्यांच्या आत, ठेवावं लागतं. युरोपीय संघात कपडे धुण्याच्या द्रव डिटर्जंटच्या अशा कॅप्सूलना २०१५ पासून २० अंशांच्या पाण्यात किमान ३० सेकंद टिकणं, ३०० न्यूटन दाब सोसणं आणि फिल्ममध्ये कडू द्रव्य असणं बंधनकारक आहे. बाहेरचा डबाही अपारदर्शक लागतो.

मधली गळती कशी पकडायची

गळतीची नेहमीची चाचणी, म्हणजे पाण्याखाली निर्वात करून बुडबुडे पाहणं (एएसटीएम डी३०७८), फक्त बाहेर जाणारी गळती दाखवते. एका कप्प्यातून दुसऱ्यात गळत असेल तर पॅक बाहेरून हवाबंदच असतो आणि आरामात पास होतो. पॅकचं वजनही बदलत नाही. मधल्या भिंतीसाठी वेगळी सोय करावी लागते. ट्रेमध्ये एका खणात सुईने हवा भरावी, शेजारच्या खणाची फिल्म टोचून त्या छिद्रावर साबणाचा थेंब ठेवावा. बुडबुडा आला की पूल गळका. पाउचमध्ये एका कप्प्यात निळा रंग मिसळलेला द्रव, दुसऱ्यात पांढरी पावडर भरून तो पाडावा, दाबाखाली ठेवावा, थंड-गरम फिरवावा आणि मग उघडून पाहावा. वाफेसाठी कोरडा घटकच बाहेर काढून तोलावा, ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत दर आठवड्याला. सगळ्या पॅकमध्ये वाढ सारखी असेल तर वाफ भिंतीतून येते आहे आणि साहित्य बदलावं लागेल. काही पॅक भराभर वाढतात आणि बाकीचे जागच्या जागी असतात, तर दोष सीलिंगच्या साच्यात किंवा भरण्याच्या नोझलमध्ये आहे.