तोंडी ऑफरच्या भरवशावर राजीनामा : पुण्यात घेतलेल्या वकिली सल्ल्याचा अनुभव

नव्या कंपनीने फोनवर ऑफर दिली, भावाने तिच्या भरवशावर राजीनामा दिला आणि पुढच्याच आठवड्यात कंपनीने हात वर केले. त्यानंतर आम्ही पुण्यात शिवाजीनगर न्यायालयाच्या परिसरातील, नोकरीविषयक दावे चालवणाऱ्या एका वकीलबाईंचा सल्ला घेतला. एकदोन उणिवा असूनही ही सेवा मला मनापासून चांगली वाटली.

सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करार लेखीच असला पाहिजे अशी सर्वसाधारण अट नाही, त्यामुळे तोंडी ऑफर आणि तिचा स्वीकार यांतूनही बंधनकारक करार होऊ शकतो. मात्र तो सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि सिद्ध झाला तरी खासगी कंपनीला कामावर घेण्याची सक्ती न्यायालय सहसा करत नाही, हे त्यांनी करार प्रत्यक्ष पाळायला लावण्याविषयीच्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या आधारे समजावले. उरते ती करार कायद्याच्या कलम ७३ खालील नुकसानभरपाई, आणि तिचा हिशेब करतानाही आपण दुसरी नोकरी शोधण्याचा रास्त प्रयत्न केला होता का, हे पाहिले जाते.

त्यानंतर त्यांनी भावाचे व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पहिल्या ओळीपासून वाचले. ‘ऑफर लेटर सोमवारपर्यंत पाठवतो’ या वाक्यावर त्यांनी फारसा भर दिला नाही, कारण ते पुढे ऑफर देण्याचे आश्वासन आहे असे कंपनी म्हणू शकते. पण पगाराचा आकडा, पद, रुजू होण्याची तारीख आणि ‘तुम्ही राजीनामा टाका’ हे चारही मुद्दे असलेला संदेश त्यांनी बाजूला काढला. तो मोबाइल बदलू नये, त्यातील काहीही पुसू नये आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्याव्या लागणाऱ्या प्रमाणपत्राची तयारी ठेवावी, असे त्यांनी बजावले. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबून राहणे त्यांना मान्य नव्हते.

खरा उपयोग झाला तो मात्र राजीनाम्याच्या बाबतीत. पुढील तारखेपासून लागू होणारा राजीनामा त्या तारखेपूर्वी मागे घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात म्हटले आहे. पण तो वाद उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या राजीनाम्याचा होता, खासगी नोकरीत नियुक्तीपत्रातील अटी आणि राजीनाम्याचा स्वीकार झाला आहे का हे आधी पाहावे लागते, हा फरक त्यांनी स्वतःहून सांगितला. स्वीकाराचा ईमेल अजून आलेला नव्हता. त्यांनी समोर बसवूनच भावाकडून राजीनामा मागे घेत असल्याचा चार ओळींचा ईमेल लिहून घेतला, आणि जुन्या कंपनीने तो मान्य केला. नुकसानभरपाईची नोटीस नंतरही पाठवता येईल, आधी हातची नोकरी वाचवा, हा त्यांचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमुळे नियुक्तीपत्र देणे बंधनकारक झाले आहे, मग आपली बाजू भक्कम नाही का, असे मी विचारले. ती तरतूद नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्यासाठी आहे, फोनवरच्या ऑफरला तिचा आधार मिळत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

उणिवा सांगायच्या तर, लेखी अभिप्रायाचे शुल्क वेगळे असते हे भेट संपल्यावर कळले. ते वेळ ठरवतानाच सांगायला हवे होते. शिवाय त्या भरभर बोलतात, त्यामुळे टिपण घेणारी व्यक्ती सोबत असावी. जाताना जुने नियुक्तीपत्र, राजीनाम्याचा ईमेल आणि मूळ मोबाइल बरोबर न्यावा. ज्यांना खासगी वकिलाचे शुल्क परवडत नाही, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते आणि १५१०० या क्रमांकावर प्राथमिक माहिती विचारता येते.