अर्धी फोर्ड, अर्धी विलीज: एक पावसाळा काढल्यावर

जुन्या लष्करी जीपच्या चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, पावडर कोटिंग (पावडर मारून भट्टीत भाजलेला रंग) करायचं मनात असेल तर आधी हे वाचा, मग काय ते ठरवा.

इंजिनाबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही. तेच २.२ लिटरचं साइड व्हॉल्व्ह, तेच ६० हॉर्सपॉवर. तेल वेळेवर बदललं की ते आपल्याला त्रास देत नाही. डोक्याला ताप झाला तो बॉडी, चेसिस आणि वायरिंगचा. त्यातही अर्थिंगचा, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेचा.

गाडी फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे विलीजच्या आराखड्यावर फोर्डने बनवलेली जीप, म्हणून घेतली. बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचा 'एफ' होता, पण चेसिसची पुढची आडवी पट्टी गोल नळीची निघाली, म्हणजे चेसिस विलीजचं. फोर्डची तिथे उलट्या यू आकाराची असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या आणि भाग एकमेकांना बसतात, तेव्हा अशी सरमिसळ चालायचीच. मला भाव पाडायला उपयोगी पडली.

बॉडीची खरी कीड तळाखाली असते. मजबुतीसाठी टोपीच्या आकाराचे जे पत्र्याचे चॅनेल आहेत, त्यात कंपनीनेच लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या. गोव्यात जूनला भिजलेलं लाकूड ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. वरून पत्रा धडधाकट आणि आतून खलास. स्क्रूड्रायव्हर टोचला तर चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा हातात आला. सगळ्यांचा सल्ला एकच, उत्तरेतून नवी बॉडी मागव. तिची किंमत, वर ट्रकचं भाडं. ऐकूनच नको म्हटलं. डिचोलीकडचा एक वेल्डर गाठला. आयुष्य मांडवीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्जवर गेलेलं, २०१२ ला खाणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम घेणारा. बार्जचा जाड पत्रा जोडणारा हात, हा पातळ पत्रा जाळून टाकणार अशी माझी खात्री होती. पण त्याने बोटभर टाका इथे, बोटभर तिथे, मध्ये थंड होऊ देत सगळा तळ शिवला. पत्रा कुठेही वाकला नाही. चॅनेलमध्ये नवं सागवान, पण आधी जवसाचं तेल पाजून आणि खाली पाणी निथळायला भोकं ठेवून. पावसाळ्यानंतर पुन्हा टोचून बघितलं, टणक आहे. पूर्ण पैसे वसूल.

आता कोटिंग. चेसिस सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला दिलं. दिसायला फर्स्ट क्लास. वायरिंग नवीन घातलं, मूळ ६ व्होल्टचंच. लगेच ज्याला त्याला पान्हा फुटला: '१२ व्होल्ट कर रे बाबा!' म्हणजे डायनमो, कटआउट, कॉइल, बल्ब, मीटर सगळं बदला. चालतंय ते फेकून द्यायचा माझा स्वभाव नाही.

मग चोर्ला घाटात, रात्री, भर पावसात हेडलाइट पिवळे पडत गेले. हाताने फिरवायचा वायपर, समोर धुकं आणि दिवे मिणमिणते. केरीपर्यंत एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून उतरलो. दुसऱ्या दिवशी सेल्फही (स्टार्टर) कण्हायला लागला. ६ व्होल्टलाच शिव्या घालत मी १२ व्होल्टच्या सामानाचे भावही काढले होते.

म्हापशाच्या वायरमनने आधी बॅटरी बघितली, ती ठणठणीत. मग दिवे लावून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं हेडलाइटच्या पत्र्याला. १.१ व्होल्ट! तिथे जेमतेम ०.१ दिसायला हवं. 'अर्थ मेळना, पात्रांव' (अर्थ मिळत नाही, साहेब), एवढंच म्हणाला.

या जीपचा हेडलाइट बिजागरीवर आहे; नट सैल करून उलटा फिरवला की रात्री इंजिनावर उजेड पडतो. झकास सोय. पण दिव्याचा अर्थही त्याच बिजागरीतून आणि पत्र्यातून परत जातो. पावडर कोटिंग म्हणजे भाजलेलं प्लास्टिक, त्यातून करंट जात नाही. कोटिंगवाल्याने अर्थचे सगळे पॉइंट बुजवून टाकलेले, बिजागरीसुद्धा. सत्तर-ऐंशी वॅटच्या दिव्यांना ६ व्होल्टवर बारा-तेरा अँपिअर लागतात, १२ व्होल्टच्या दुप्पट. त्यात सहातला एक व्होल्ट वाटेत गेला की उजेड जवळपास निम्मा. १२ व्होल्टच्या गाडीत हाच दोष कुणाच्या लक्षातही आला नसता.

उपाय फुकटातला. प्रत्येक पॉइंट चकचकीत होईपर्यंत घासला, दात्यांचे वॉशर घातले, वर ग्रीस. दोन्ही हेडलाइटना वेगळी अर्थ वायर, इंजिन ते चेसिस तांब्याची विणलेली पट्टी. बॅटरीला वेल्डिंगची ५० चौरस मिलिमीटरची केबल; तीही बार्जवाल्याकडचा उरलेला तुकडा. आता सेल्फ एका दमात घेतो आणि घाटात समोरचा दगड दिसतो. सहाच व्होल्ट ठेवा, बिनधास्त ठेवा.

कोटिंगवाला म्हणतो, अर्थ बघायचं काम वायरिंगवाल्याचं. वायरिंगवाला म्हणतो, कोटिंगआधी पॉइंटवर टेप लावायचं काम त्याचं. मला वायरिंगवाल्याचं पटतं. पुन्हा करायची वेळ आली तर चेसिसला साधा इपॉक्सी प्रायमर आणि रंग देईन. खरवडला तर ब्रशने पुन्हा लावता येतो. कोटिंगखाली एकदा पाणी शिरलं की गंज आतल्या आत पसरतो, मागच्या स्प्रिंगच्या शॅकलजवळ एक फुगवटा आलाच आहे. कोटिंगवाल्याचे थोडे पैसे द्यायचे राहिलेत. तो फुगवटा खरवडून दिल्याशिवाय मिळणार नाहीत.