स्पारिंगचा तयार सेट घेऊ नका, वस्तू एकेक घ्या

हेडगार्ड, ग्लोव्हज, शिनगार्ड, चेस्टगार्ड, एल-गार्ड, माउथगार्ड आणि वर बॅग फुकट. नव्याने स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, उभं राहणाऱ्याच्या गळ्यात हा तयार सेट हमखास मारला जातो. त्यातली सगळ्यात जास्त टिकणारी वस्तू बहुधा ती बॅगच असते. सेटची मुख्य खोड मापाची. ‘मीडियम’ म्हटलं की डोकं, पंजा, नडगी, कंबर सगळंच मीडियम धरतात. डोक्याचा घेर आणि नडगीची लांबी यांचा मात्र एकमेकांशी काही संबंध नसतो. त्यात फोमही बहुतेकदा सगळीकडे एकाच जातीचा, स्पंजासारखा, बोटाने दाबला की तळाला टेकणारा.

सुटं घ्यायचं तर माउथगार्ड आणि एल-गार्ड पहिल्या दिवसाआधी, ग्लोव्हज आणि शिनगार्ड त्याच खेपेला. डोक्यावर मारायची परवानगी मिळेपर्यंत हेडगार्डला वेळ असतो.

सगळ्यात जास्त चुका ग्लोव्हजमध्ये होतात. स्पारिंगच्या ग्लोव्हजमधली गादी समोरच्यासाठी असते. आपला हात सांभाळायला आतून हँडरॅप, म्हणजे हाताला गुंडाळायची कापडी पट्टी, असतो. त्यामुळे ‘मला हलके आवडतात’ हा मुद्दा इथे चालत नाही. मोठ्या माणसासाठी १६ औंस, म्हणजे एका हाताला साधारण ४५० ग्रॅम, हे सर्वसाधारण माप. साठ किलोच्या आतल्याला १४ औंस पुष्कळ ठिकाणी चालतात, पण आधी कोचला विचारा. १० आणि १२ औंसचे ग्लोव्हज पंचिंग बॅग आणि कोचने हातात धरायच्या पॅडसाठी ठेवा.

औंसचा आकडाही डोळे झाकून मानू नका. काही ग्लोव्हजमध्ये वजन मनगटाच्या जाड पट्ट्यात आणि अस्तरात भरलेलं असतं, बोटांच्या सांध्यांवर फोम पातळच. त्यासाठी ग्लोव्ह उलटा धरून सांध्यांच्या जागी अंगठ्याने जोर देऊन दाबा. आतल्या बाजूला अंगठा जाणवला तर तो ग्लोव्ह परत ठेवा. चांगला फोम सुरुवातीला मऊ लागतो आणि जसजसा दाबाल तसा घट्ट होत जातो. एकाच साच्यातून निघालेला फोम आकार सोडत नाही, पण नवा असताना दगडासारखा लागतो. थरांचा फोम लवकर मऊ पडतो. जपानच्या विनिंगचं नाव मऊ, थरांच्या गादीसाठी घेतलं जातं आणि स्पारिंगला तो गुणच हवा. मेक्सिकोच्या क्लेटो रेयेसची ओळख घोड्याच्या केसांच्या भरतीची. तो मारणाऱ्याचा ग्लोव्ह. रोजच्या सरावात समोरच्यावर असा ग्लोव्ह वापरणं बरं नव्हे.

ग्लोव्ह घालून बघायचा तो हँडरॅप बांधूनच. मोठ्या पंजाला साडेचार मीटरचा हँडरॅप लागतो, तीन मीटरचा मुलांना पुरतो. बोटांची टोकं आत जेमतेम टेकावीत आणि मूठ सहज पूर्ण वळावी. मूठ वळवायला जोर लागत असेल तर तिसऱ्या राउंडला ती अर्धी उघडी राहते, आणि अर्ध्या उघड्या मुठीचा पंच मनगट मुरगळतो. अंगठा ग्लोव्हला शिवलेला असावा. सुटा अंगठा समोरच्याच्या डोळ्यात जातो. वेल्क्रोची काटेरी बाजू जराही उघडी राहत असेल तर गाल आणि मान सोलून निघते, म्हणून पट्टा बसवल्यावर वरून कापडी टेपचा एक वेढा द्या. लेसचे ग्लोव्हज मनगटाला छान बसतात, पण बांधायला दुसरा माणूस लागतो.

माउथगार्ड ही सगळ्या सामानातली सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. गरम पाण्यात मऊ करून चावायचा प्रकार बहुतेकांना पुरतो, पण तो बसवताना घाई नडते. आधी कोरडाच तोंडात धरून मागची टोकं बघा. घशाशी लागून मळमळत असेल तर दोन्हीकडून थोडं कापा, शेवटची एक दाढ उघडी राहिली तरी चालेल. पाणी उकळून आच बंद करा. पाकिटावर लिहिलेले सेकंद, बहुधा २० ते ३०, घड्याळ लावून मोजा. जास्त वेळ ठेवला तर कडा आत वळून गोळा होतो. चमच्याने उचला, पाणी निथळू द्या, तोंडात वरच्या दातांवर मधोमध बसवा. मग चावा हलकाच घ्या. इथे जोर लावला की दाढांखालचा थर कागदासारखा होतो आणि जबड्याला बसणारा मार थेट दातांवर येतो. बाहेरून बोटांनी ओठ आणि गाल दाबा, आतून जीभ टाळूला लावून हवा ओढा, अर्धा मिनिट थांबा, मग थंड पाण्यात बुडवा. तोंड उघडल्यावर तो खाली पडता कामा नये. दात आवळून धरल्याशिवाय राहत नसेल तर पुन्हा पाणी उकळा. दातांना तारा असतील तर हा प्रकार टाळा. दाताच्या डॉक्टरांकडून करून घ्या.

हेडगार्डबद्दल गैरसमज फार. भुवई फुटणं, कान चेचणं, कपाळाला कपाळ आदळणं यासाठी तो उत्तम. डोक्याला झटका बसून मेंदू कवटीच्या आत हलतो, तो मात्र फोमने थांबत नाही. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये वरिष्ठ पुरुषांचा हेडगार्ड २०१३ मध्ये निघाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवायच लढले. सरावात तो घालावाच, पण हेडगार्ड आहे म्हणून चार ठोसे जास्त खायचे, हा हिशेब चुकीचा.

माप भुवयांच्या वरून टेपने घ्या. घालून हनुवटीचा पट्टा लावा आणि तळव्याने बाजूने ढकला. हेडगार्ड फिरून एका डोळ्यावर आला की नापास, कारण पुढचा पंच दिसणारच नाही. हनुवटी छातीकडे घेऊन समोरच्याची कंबर दिसते का तेही बघा. गालाच्या गाद्या जाड असल्या की खालून येणारा अपरकट दिसत नाही. नाकासमोर आडवी दांडी असलेला प्रकार नाक वाचवतो, पण दांडीला मार लागला की मान पिळते. किकच्या खेळात डोक्याची मागची गादी नीट तपासा. पाय उचललेला माणूस मागे पडतो आणि डोकं आधी जमिनीला लागतं. तायक्वांदोचा एकसंध फोमचा उघडा हेडगार्ड डोक्यावरच्या किकसाठी आहे. चेहऱ्यावर पंच चालतात तिथे तो अपुरा.

शिनगार्ड गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली सुरू व्हावा आणि पावलाची गादी बोटांच्या मुळापर्यंत पोचावी. लांब घेतला तर गुडघा वाकवताना वर सरकतो, आखूड घेतला तर घोट्यापाशी हाड उघडं राहतं आणि नेमकं तिथेच समोरच्याचं कोपर लागतं. मोज्यासारखा चढवायचा प्रकार घामाने घसरतो. पण जमिनीवरच्या झटापटीला तोच बरा, कारण तिथे वेल्क्रो उसवतं. उभ्या खेळाला मागे दोन रुंद पट्ट्यांचा घ्या. पट्टे आवळून हवेत दहा राउंडहाउस, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या किक, मारा आणि खाली बघा. गादीची मधली रेघ नडगीवरून पोटरीकडे सरकली असेल तर तो तुमचा नव्हे. पट्ट्यांची टोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला यावीत, आत आली की एकमेकांत अडकतात.

एल-गार्ड क्रिकेटचा चालतो का, हे नेहमी विचारतात. सैल चड्डीत तो किक मारताना जागचा हलतो, आणि हललेल्या कपाची कड गार्ड नसण्यापेक्षा वाईट. घट्ट सपोर्टरच्या कप्प्यात बसेल असाच घ्या. मुय थाईत, म्हणजे थायलंडच्या किकबॉक्सिंगमध्ये, दोरीने बांधायचा स्टीलचा कप वापरतात. बायकांसाठी वेगळ्या घडणीचा येतो, पुरुषांचा लहान साइझ हा त्याला पर्याय नाही.

स्पर्धेला उतरणार असाल तर रंग आणि मान्यतेचा शिक्का संघटनेच्या चालू नियमावलीत बघून मगच घ्या. कराटेत लाल आणि निळा दोन्ही जोड लागतात. तायक्वांदोचा इलेक्ट्रॉनिक होगू, म्हणजे गुण नोंदवणारा चेस्टगार्ड, सरावासाठी विकत घेण्यात अर्थ नाही. साधा घ्या, आणि तो इतका लांब नको की पाय उचलताना मांडीला अडेल.

आता वासाचं. घरी आल्यावर सगळं बॅगेतून बाहेर काढा, ग्लोव्हजचे पट्टे उघडून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. कडक उन्हात ठेवलं तर रेक्झिन तडकतं, पंख्याखाली ठेवा. सांध्यांवरची गादी गाठीगाठीची झाली की ते ग्लोव्हज पंचिंग बॅगवर मारायला काढा.