‘कंप्युटर गेलाय’ म्हणून गळ्यात मारलेला ईसीयू, आणि परत न मिळालेला मूळ ईसीयू

गाडी १९९० च्या दशकातली, पेट्रोलवरची. डॅशबोर्डखाली आकड्यांचं किपॅड. चार आकडी कोड टाकला की लाल दिवा जाऊन हिरवा लागतो, मग सेल्फ मारायचा. एका सकाळी कोड टाकला, दिवा हिरवा झाला, सेल्फही दणकून फिरला, पण इंजिन उचललं नाही. पुढच्या काही आठवड्यांत मालकाला एक जुना ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, विकला गेला, मग एक जुनं किपॅड विकलं गेलं, मग ‘इमोबिलायझर (कोडशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं कुलूप) काढून टाकायचे’ वेगळे पैसे घेतले गेले. एवढं करूनही गाडी बंदच. शेवटी दुसऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने ईसीयूला वीज देणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) उघडला, आतल्या दोन तडकलेल्या सांध्यांना नवा डाग (सोल्डर) दिला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मूळ ईसीयू तोवर ‘भंगारात’ गेला होता. तो बिघडला आहे हे दाखवणारी एकही मोजणी कधी झाली नव्हती.

ही फसवणूक कशी रचली जाते ते पायरीपायरीने समजून घ्यायला हवं, कारण जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती जवळजवळ याच क्रमाने घडते.

पहिली पायरी स्कॅनरची. हातातला स्कॅनर लावला जातो, पडद्यावर ‘संपर्क नाही’ असं येतं आणि लगेच निकाल दिला जातो की कंप्युटर गेला. या निकालाला काहीही आधार नाही. ओबीडी-२, म्हणजे गाडीने कोणत्याही स्कॅनरशी बोलायची ठरवून दिलेली पद्धत, अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्या आपापल्या भाषेत बोलतात. प्यूजो-सिट्रोएनचं ३० पिनांचं सॉकेट, फियाटचं ३ पिनांचं, बीएमडब्ल्यूचं बॉनेटखालचं २० पिनांचं गोल सॉकेट, मर्सिडीजचं ३८ पिनांचं, हे सगळे वेगळे प्रकार. काही गाड्यांना १६ पिनांचं सॉकेट असतं, पण आतली भाषा जुनीच असते. साध्या स्कॅनरला अशी गाडी कधीच उत्तर देणार नाही, ईसीयू धडधाकट असला तरी. आणि ईसीयूला वीजच पोचत नसेल तरीही पडद्यावर नेमकं हेच वाक्य येईल. १६ पिनांच्या सॉकेटवर ४ आणि ५ नंबरला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी), १६ नंबरला बॅटरीचा थेट पॉझिटिव्ह असतो. स्कॅनर पेटतच नसेल तर आधी याच पिना आणि त्यांचा फ्यूज बघायचा. ७ नंबर म्हणजे के-लाइन, स्कॅनर आणि ईसीयू ज्या वायरीवरून बोलतात ती. इग्निशन चालू असताना तिथे साधारण बॅटरीइतका व्होल्टेज दिसायला हवा.

दुसरी पायरी जुना ईसीयू बसवण्याची. इथे मालक खरा अडकतो. किपॅडच्या गाड्यांत ईसीयू आणि इमोबिलायझर यांची जोडी जमलेली असते. किपॅडकडून (किंवा इमोबिलायझरच्या युनिटकडून) ठरलेला संकेत आला नाही तर ईसीयू इंजेक्शन किंवा स्पार्क सोडत नाही. दुसऱ्या गाडीतून काढलेला ईसीयू त्या गाडीचा कोड लक्षात ठेवून येतो. नंबर तंतोतंत जुळले तरी तो या गाडीत कुलूपबंदच राहतो. हे ज्याला माहीत आहे तो ईसीयू, किपॅड आणि कोड असा तिन्हींचा एकाच गाडीतला संच मागतो. ज्याला पैसे उकळायचे आहेत तो नुसता ईसीयू बसवतो, मग ‘आता किपॅड पण गेलंय’ म्हणतो, मग ‘कोड जुळत नाही, इमोबिलायझर ऑफ करावा लागेल’ म्हणतो. एका न झालेल्या बिघाडाची तीन बिलं होतात. आणि आता गाडीत खरोखर एक नवीन बिघाड असतो, जो पहिल्या दिवशी नव्हता.

तिसऱ्या पायरीत मूळ ईसीयू नाहीसा होतो. चालू ईसीयूला बाजारात मागणी असते, म्हणून ‘मेलेला’ म्हणून काढलेला ईसीयू मालकाला परत मिळत नाही, किंवा त्याच्या जागी भलताच हातात दिला जातो. ईसीयूच्या आत बोटाच्या पेरापेक्षा लहान मेमरी चिप असते, २४सी०२, ९३सी४६, ९३सी५६ अशा जातीची. बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरचा डेटा तिच्यातच असतो. पुढे कधी दुसरा ईसीयू बसवावा लागला तर या चिपमधला डेटा त्याच हार्डवेअर नंबरच्या दुसऱ्या ईसीयूत उतरवता येतो आणि जुनं किपॅड, जुना कोड तसाच चालतो. म्हणून खरोखर जळलेला ईसीयूसुद्धा कधी सोडू नका.

या गाडीत पहिल्या सकाळी काय दिसत होतं? किपॅड कोड घेत होतं, म्हणजे किपॅडवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. इग्निशन चालू केल्यावर मीटरमधला इंजिनचा दिवा लागत नव्हता. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत नव्हता. इंधनाचा पंप दोन सेकंद गुणगुणतो तोही गप्प होता. तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की पहिला प्रश्न एकच, ईसीयूला वीज आणि अर्थ मिळतोय का? ईसीयू बदलल्यानंतरही दिवा लागत नव्हता. बल्ब चांगला असेल तर दोन वेगवेगळे ईसीयू एकाच पद्धतीने मेलेले असण्यापेक्षा दोघांनाही वीज मिळत नसण्याची शक्यता कितीतरी जास्त. तिथेच थांबायला हवं होतं.

आता मोजण्या. साधा डिजिटल मल्टीमीटर आणि होल्डरसह एक २१ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब, एवढं पुरतं.

बॅटरीपासून सुरुवात करा. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.० च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. खरी परीक्षा सेल्फ मारताना असते. त्या वेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक, हा गैरसमज महागात पडतो. व्होल्टेज पडला की स्टार्टर ओढत राहतो, पण ईसीयू आणि इमोबिलायझर मध्येच रीसेट होतात. मग कधी गाडी सुरू होते, कधी होत नाही, कधी कोड पुन्हा मागितला जातो, आणि ‘इमोबिलायझर वेडा झालाय’ असं सांगायला मोकळं रान मिळतं.

मग अर्थ. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरा इंजिनच्या ब्लॉकवर. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब आहेत. ईसीयूच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, इग्निशन चालू असताना, ०.१ व्होल्टच्या आत हवं. जुन्या गाड्यांत अर्थचे बोल्ट गिअरबॉक्सवर किंवा बॅटरीच्या ट्रेखाली असतात, ॲसिडने आणि पाण्याने ते गंजतात. बोल्ट काढून, धातू घासून, परत आवळायचा. वरून स्प्रे मारून काही होत नाही.

तिसरी मोजणी ईसीयूच्या सॉकेटवर, आणि ती नुसत्या मीटरने करू नका. दहा धाग्यांची वायर सडून एकच धागा उरला असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. इग्निशन बंद करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, ईसीयूचं सॉकेट सोडवा, निगेटिव्ह परत लावा. वायरिंग डायग्रॅम बघून वीज देणारी पिन आणि अर्थची पिन यांच्यामध्ये बल्ब लावा. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट घेतो. तो लख्ख पेटला तर पुरवठा खरा. मिणमिणला तर दोष रिले, फ्यूज, वायर किंवा अर्थ यांच्यात आहे, ईसीयूत नाही. काही गाड्यांत मेन रिले ईसीयूच ओढतो. तिथे सॉकेट सोडवल्यावर त्या पिनेवर वीज येणार नाही, हे डायग्रॅममधून आधी पाहून घ्या. सॉकेटच्या पिनांत मल्टीमीटरचा जाड प्रोब कोंबू नका, पिन फाकते आणि पुढे कायमचा लूज कॉन्टॅक्ट होतो. तेवढ्याच जाडीची, दुसऱ्या सॉकेटमधून काढलेली पिन वापरा. आणि हा बल्ब फक्त पुरवठ्याच्या पिनांसाठी. ईसीयू जोडलेला असताना सेन्सरच्या किंवा इंजेक्टरच्या पिनांवर लावला तर ईसीयू खरोखर जाऊ शकतो.

या गाडीत बल्ब मिणमिणला असता. रिलेच्या आत पिना सर्किटच्या प्लेटला जिथे जोडलेल्या असतात तिथे वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन डागाभोवती बारीक गोल चीर पडते. भिंगाशिवाय ती दिसत नाही. रिले ‘टिक’ असा वाजतो म्हणून तो चांगला मानला जातो. पण टिक कॉइलचा असतो, वीज वाहून नेणाऱ्या सांध्याचा नव्हे.

पुरवठा ठीक असूनही इंजिनचा दिवा लागत नसेल तर सेन्सरची ५ व्होल्टची लाइन तपासा. थ्रॉटलचा किंवा मॅनिफोल्डच्या दाबाचा एखादा सेन्सर शॉर्ट झाला की ती लाइन खाली बसते आणि काही ईसीयू मेल्यासारखे गप्प होतात. सेन्सर एकेक सोडवत जा. एखादा सोडवताच ५ व्होल्ट परत आले तर दोषी तोच. दिवा लागतो, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा ढिम्म राहतो, अशा वेळी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) बघा. तो गेला की स्पार्क आणि इंजेक्शन दोन्ही बंद होतात आणि लक्षण इमोबिलायझरसारखंच दिसतं. दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरचा रोध बहुतेक वेळा काही शे ओहम असतो, सेल्फ मारताना त्यावर एसी व्होल्टेज यायला हवा.

डिझेल गाड्यांत वेगळी लबाडी चालते. तिथे इमोबिलायझर डिझेल पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल सोडणाऱ्या-रोखणाऱ्या विजेच्या झडपेची) वीज रोखतो. पण सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, म्हणजे इमोबिलायझर उघडलेला आहे. मग ग्लो प्लग (सिलिंडर गरम करणारे प्लग), कॉम्प्रेशन, पंपाचा टायमिंग बघायचा. धूर येत असताना ‘इमोबिलायझर बायपास’चे पैसे मागणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

किपॅड कधीच बिघडत नाही असं नाही. रबरी बटणांखालचा कार्बन झिजतो, पेय सांडतं, बटण दाबूनही लागत नाही. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसल्या तर बरीच किपॅडं परत चालतात. चुकीचा कोड वारंवार पडला तर अनेक किपॅडं काही वेळ कुलूपबंद होतात आणि हँडबुकात दिलेला वेळ इग्निशन चालू ठेवून थांबावं लागतं. त्या वेळात बॅटरीला चार्जर लावून ठेवा. नाहीतर वाट बघण्यातच बॅटरी उतरते आणि मग खरा कोडही लागत नाही. एक गोष्ट जाता जाता: चारच बटणं झिजलेली दिसत असतील तर चोराला १०,००० ऐवजी फक्त २४ जुळण्या बघायच्या असतात. कोड बदला, वेगळे आकडे घ्या.

ईसीयू खरोखरही जातात, पण त्यामागे कारण असतं आणि ते दाखवता येतं. वायपरखालच्या पन्हळीत पानं अडकून पाणी आत उतरतं आणि पिना हिरव्या होतात. १९९० च्या सुरुवातीच्या मित्सुबिशी ईसीयूंमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळून प्लेटचे ट्रॅक खातात. उघडल्यावर मासळीसारखा वास येतो. तिथे १०५ अंश सेल्सियस रेटिंगचे नवे कपॅसिटर टाकायचे आणि प्लेट स्वच्छ धुवायची. इग्निशन कॉइल शॉर्ट झाली की ईसीयूमधला तिला चालवणारा भाग (ड्रायव्हर) जळतो. कॉइल न बदलता नवा ईसीयू लावला तर तोही जळतो, आणि विकणारा म्हणतो की इलेक्ट्रॉनिक मालाला गॅरंटी नसते. म्हणून ‘ईसीयू गेला’ म्हणणाऱ्याला तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या पिनेवर काय मोजलं, आतला कोणता भाग गेला, तो कशामुळे गेला. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर दुरुस्तीला परवानगी देऊ नका.

गाडी सोडण्याआधी ईसीयूच्या लेबलचा फोटो काढा, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही वाचता येतील असा. डब्यावर आणि झाकणाच्या सांध्यावर मिळून न पुसणाऱ्या रंगाची रेघ ओढा, म्हणजे डबा बदलला किंवा उघडला तर कळेल. किपॅडचा कोड आधी बदलून तात्पुरता कोड द्या आणि गाडी परत आल्यावर पुन्हा बदला. कोडचं कार्ड गाडीत ठेवू नका. काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या.

मूळ ईसीयू आधीच गेला असेल तर सुटा ईसीयू घेऊ नका. एकाच गाडीतले ईसीयू आणि किपॅड, आणि त्यांचा चालू कोड, असा संच शोधा. शक्य असेल तर ती गाडी तो कोड टाकून तुमच्यासमोर सुरू करायला लावा आणि मगच भाग काढू द्या. संच बसवण्याआधी कॉइलचा रोध, आयडल मोटरचा (गाडी उभी असताना इंजिनचा वेग सांभाळणारी) रोध आणि वर सांगितलेली बल्बची तपासणी पूर्ण करा. संच घरी आला की त्या मेमरी चिपची एक प्रत काढून दोन ठिकाणी जपून ठेवा.